चिआंग मायला विद्यार्थी, चौकला शेठ

हल्ली परदेशात जाऊन आलेल्या कुणाचेही फोटो बघा, त्यात एक फोटो हमखास असतोच. अंगात लाल नाहीतर हिरवा ॲप्रन, हातात बत्ता नाहीतर झारा, शेजारी हसतमुख थाई किंवा इटालियन बाई, आणि खाली ओळ : "लोकल कुकिंग क्लास केला!! मस्ट डू!!!" आमच्या एकट्या खानदानात गेल्या तीन वर्षांत असे पाच फोटो झाले आहेत. (कुणाकुणाचे ते इथे लिहीत नाही, दिवाळीला सगळे घरी यायचे आहेत.)

तर मंडळी, आज भांडायचं आहे. पण त्या ॲप्रनशी नाही. परदेशात गेल्यावर तिथल्या माणसाकडून तिथला स्वयंपाक शिकणं ही मला प्रवासातली सगळ्यात शहाणी गोष्ट वाटते. ज्या समाजात परदेश सहलीची जाहिरात 'रोज भारतीय जेवण मिळेल' या एका ओळीवर खपते, त्यातली चार माणसं पोहे-उपम्याची पाकिटं बाजूला ठेवून दुसऱ्याच्या चुलीपुढे बसायला तयार झाली, हे चांगलंच झालं. माझं भांडण वेगळं आहे. तीच माणसं परत आल्यावर पुढच्याच शनिवारी कर्जतला जातात, तेव्हा काय करतात, त्याच्याशी आहे.

आधी चिआंग मायबद्दल. उत्तर थायलंडमधलं हे शहर पर्यटकांच्या पाकवर्गांसाठी जगभर प्रसिद्ध आहे. मीही तिथे एक दिवस शिकले. पहिला तास गेला बाजारात. शिकवणाऱ्या बाईंनी तीन प्रकारची तुळस हातात दिली, चुरगळून वास घ्यायला लावला, आणि कुठली कशात पडते ते पाठ करून घेतलं. आल्यासारखी दिसणारी गलंगल आणि आपलं आलं यांत काय फरक ते जिभेवर ठेवून दाखवलं. मग खलबत्त्यापुढे बसवलं. कोरडं आणि कडक आधी, ओलं आणि मऊ नंतर, हा क्रम मी दोनदा चुकवला तेव्हा त्यांनी माझा मसाला बाजूला सारला आणि "पुन्हा" एवढंच म्हणाल्या. अर्धा तास दंड दुखेपर्यंत कुटलं. दिवसाची फी होती अकराशे बाथ, म्हणजे अडीच-तीन हजार रुपये, आणि ती वर्गात पाऊल ठेवण्याआधी भरली होती. आमच्या गटातल्या एकानेही "थोडं कमी करा की" म्हटलं नाही. बाईंचं नाव सगळ्यांनी विचारलं, नीट उच्चारायचा प्रयत्न केला आणि निघताना हात जोडले.

आता ही पाच कामं नीट मोजा. पदार्थ कुठून येतो ते पाहिलं. आपल्या हाताने केलं. चुकल्यावर बोलून घेतलं. फी घासाघीस न करता आगाऊ दिली. शिकवणाऱ्याचं नाव विचारलं. या पाच गोष्टी केल्या की माणूस विद्यार्थी होतो. मग तो मुंबईत कितीही मोठ्या हुद्द्यावर का असेना.

आता या कर्जतला. नातेवाइकांना सांगायला नकोच, पण इतर वाचकांसाठी : माझं माहेर खोपोलीचं, म्हणजे खालापूर तालुक्याचं. द्रुतगती मार्गावरचा खालापूरचा टोलनाका सगळ्या महाराष्ट्राला माहीत असतो, त्याच्या दोन्ही अंगांना माणसं राहतात हे फारसं कुणाला माहीत नसतं. उल्हास आणि पेज नद्यांचा कर्जत तालुका, पाताळगंगेचा खालापूर तालुका. डोक्यावर माथेरान, पाठीशी सह्याद्री, आणि मधल्या पट्ट्यात भातखाचरं, ठाकरवाड्या, कातकरवाड्या... आणि आता दर दोन किलोमीटरवर एक कमान, तिच्यावर एक इंग्रजी नाव. फार्महाऊस.

शनिवारी दुपारी गाड्या येतात. डिकीतून मॅरिनेट केलेलं पनीर उतरतं, तंदुरी मसाल्याची पाकिटं उतरतात, चीज उतरतं, झालंच तर कोळशाची पिशवीसुद्धा. (ज्या रायगडात कातकरी कुटुंबंच्या कुटुंबं कोळसाभट्ट्यांवर राबतात, तिथे कोळसा मॉलमधून येतो!) फार्महाऊस सांभाळणाऱ्या माणसाची बायको मागच्या दाराशी उभी असते. तिला सांगितलं जातं, "मावशी, चाळीस भाकऱ्या टाका. चुलीवरच्या हां, गॅसवरच्या नकोत. आणि तिखट कमी." मावशी टाकतात. भाकरीचा फोटो निघतो. 'अस्सल गावरान' असं त्याखाली पडतं. मावशींचं नाव शनिवारपासून रविवारपर्यंत कुणीच विचारत नाही. निघताना हातावर काय ठेवायचं यावर गाडीत बसल्या बसल्या चर्चा होते : "दोनशे बास. जास्त दिले की सवय लागते."

तीच माणसं. तेच हात, जे चिआंग मायला जोडले होते. चिआंग मायला विद्यार्थी, आणि चौकला पोचेपर्यंत शेठ. हा बदल नेमका कुठल्या टोलनाक्यावर होतो ते मला अजून सापडलेलं नाही.

"अहो, पण भाकरीत शिकण्यासारखं काय आहे?" असं कुणीतरी म्हणणारच. म्हणून जरा तपशिलात जाते.

तांदळाच्या भाकरीपासूनच सुरुवात करू. आधण उकळलं की पीठ वैरायचं, झाकण ठेवायचं, मग गरम असतानाच मळायचं. पाणी किती? ते तांदूळ नवा की जुना यावर. नव्या तांदळाला कमी, जुन्याला जास्त. ते पुस्तकातल्या वाटीच्या मापाने जमत नाही, पिठात बोट घालून कळतं. कर्जतला कोकण कृषी विद्यापीठाचं भात संशोधन केंद्र आहे. तिथे निघालेल्या भाताच्या जातींना 'कर्जत-३', 'कर्जत-७' अशी रीतसर नावं आहेत, त्यांची नोंद आहे, त्यांवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांना पदं आहेत. ते योग्यच आहे. फक्त त्याच भाताच्या पिठाला किती पाणी लागेल हे बोटाने ओळखणाऱ्या बाईला आपण 'भाकऱ्या टाकणारी' म्हणतो.

दुसरं उदाहरण शेवळांचं. पहिल्या पावसाच्या आगेमागे, जूनच्या तोंडाला, कर्जत-नेरळच्या स्टेशनाबाहेर ठाकर-कातकरी बाया पाटीत शेवळं घेऊन बसतात. अळूच्या कुळातली ही रानभाजी, वर्षात दोन-तीन आठवडेच दिसणारी. आणि भयंकर खाजरी! तिच्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. आतल्या दांड्याचा पिवळा, दाणेदार भाग काढून टाकायचा, उरलेलं बारीक चिरायचं, चांगलं परतायचं आणि आंबट घालून शिजवायचं. आंबट म्हणजे काकडं. काकड नावाच्या रानझाडाची हिरवी, टणक फळं. ती नेमकी शेवळांच्याच दिवसांत येतात, आणि विकणारी बाई शेवळांच्या शेजारी त्यांचाही ढीग लावून बसते. गिऱ्हाईक नवखं दिसलं की सांगते, "काकडं घेतल्याशिवाय नेऊ नको गं, घसा धरेल." तीस रुपयांच्या वाट्याबरोबर हा अख्खा धडा फुकट मिळतो. आणि आपण म्हणतो, "वीसला दे ना."

तिसरं, पोपटी. ही आता बरीच प्रसिद्ध झाली आहे, 'पोपटी पार्टी' नावाने. भात निघाला की खाचरातल्या उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. थंडीत शेंगा भरल्या की मडक्यात तळाला भांबुर्ड्याचा पाला, वर मीठ-ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा, बटाटे, रताळी, अंडी, कुणी कोंबडी. पुन्हा पाला ठासून तोंड बंद करायचं, मडकं उपडं घालायचं आणि भोवती पेंढा-गोवऱ्या रचून पेटवायचं. पाण्याचा थेंब नाही, तेलाचा थेंब नाही. शेंगा शिजतात त्या पाल्याच्या आणि स्वतःच्या ओलाव्यावर. झाली की नाही हे आत डोकावून बघता येत नाही, म्हणून मडक्यावर पाणी शिंपडतात. चर्र करून लगेच उडालं, तर झाली. पाला किती ओला, पेंढा किती, वारा कुठून, हे सगळं बघून आग आवरती घ्यावी लागते. जरा जास्त झाली की खालच्या शेंगांचा कोळसा. ओव्हनच्या काट्याशिवाय हे जमवणं सोपं आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी येत्या जानेवारीत करून बघावं. मडकं मी देते.

आणि ही झाली फक्त तीन. भारंगीची पानं उकळून, पिळून कडूपणा काढायचा. बांबूचा कोंब पाण्यात ठेवायचा, ते पाणी फेकायचं, मगच शिजवायचा. टाकळा कोवळा असेपर्यंतच खुडायचा. फोडशी, कुरडू, करटोली, कोरल... प्रत्येकीची वेळ वेगळी, खुडायची जागा वेगळी, खायचा भाग वेगळा. कुठल्या वेलीला मुळासकट उपटायचं नाही हेही त्यातच आलं. हा अभ्यासक्रम आहे. चिआंग मायच्या तीन तुळशींपेक्षा मोठा आहे.

मग आपण त्याला अभ्यासक्रम का मानत नाही?

'आपल्याला आपल्या गोष्टींची किंमत नाही' हे ठरीव उत्तर मला पटत नाही. आपल्याला आपल्या गोष्टींची चांगलीच किंमत आहे, फक्त 'आपल्या' म्हणजे कुणाच्या ते ठरलेलं आहे. लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया' १९१० सालचं. कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' १९७० सालचं. आपल्या घराघरांत या पुस्तकांना मान आहे आणि तो असायलाच हवा, मीही 'रुचिरा'वरच वाढले. पण मराठवाड्यातल्या दलित समाजाच्या अन्नावर शाहू पाटोळ्यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' यायला २०१५ साल उजाडावं लागलं. लिहिता येणाऱ्यांचा स्वयंपाक पाककला झाला आणि न लिहिणाऱ्यांचा स्वयंपाक झाला पोट भरणं. शहरातल्या एखाद्या काकूंनी मोदकांचा वर्ग काढला तर आपण फी भरून, वही घेऊन जातो. ठाकरवाडीतल्या मावशींनी फी मागितली तर "हल्ली गावचे लोक फार पैसेवाले झालेत" म्हणतो. पदार्थाचं अवघडपण दोन्हीकडे सारखंच आहे. फरक आहे तो कोण शिकवतंय याचा.

बाहेर बघा. थायलंडच्या सरकारने २००२ मध्ये 'ग्लोबल थाई' नावाची योजना काढून आपलं जेवण जगभर पोचवायचं ठरवलं. स्वयंपाक हे देशाचं भांडवल आहे असं एका सरकारने उघड मान्य केलं. पण थायलंड जाऊ द्या, तिथे पैसा आणि पर्यटन दोन्ही आहे. मला जास्त जवळचं वाटतं ते मेक्सिकोचं उदाहरण. युनेस्कोने २०१० मध्ये मेक्सिकोच्या पारंपरिक अन्नाला वारशाच्या यादीत घेतलं, तेव्हा नमुना म्हणून पुढे ठेवला होता तो मिचोआकान हा प्रांत. मका, घेवडा, मिरची पिकवणारे तिथले शेतकरी आणि मक्याची भाकरी थापणाऱ्या मूलनिवासी बायका. त्या बायकांना तिकडे 'परंपरागत स्वयंपाकिणी' असं मानाचं बिरुद आहे, त्यांचे गट आहेत. मका दळून भाकरी थापणारी बाई आणि तांदूळ दळून भाकरी थापणारी बाई. यांच्यात फरक शोधून दाखवा. मला तर एकच दिसतो : तिच्या देशाने तिला स्वयंपाकीण म्हणून मान दिला, आणि आमचीला आम्ही भांडी घासायला लावलं.

हे मी उगाच म्हणत नाही. कर्जतजवळच्या एका रिसॉर्टमध्ये (नाव घेत नाही) चुलतभावाच्या लग्नाला आम्ही दोन दिवस होतो. जेवणाच्या फळ्यावर 'कोकण स्पेशल' असं लिहून खाली पनीर मसाला आणि हाका नूडल्स होत्या. मागे भांडी घासत होत्या त्या दोघी जवळच्याच वाडीतल्या. त्यांच्या स्वतःच्या डब्यात काय होतं, तर वालाचं बिरडं आणि सुकट! आम्हा पाहुण्यांपेक्षा त्या कितीतरी चांगलं जेवत होत्या. व्यवस्थापकाला विचारलं, यांनाच का करायला सांगत नाही? तो म्हणाला, "मॅडम, पब्लिकला हे चालत नाही." म्हणजे पब्लिक कोण? तर आपणच. सिएम रीपला जाऊन केळीच्या पानातला कंबोडियन मासा आवडीने शिकणारे.

आता आक्षेप. माझ्या घरातूनच येणार आहेत, म्हणून आधीच उत्तरं देऊन ठेवते.

पहिला आक्षेप, "त्या बायकांना शिकवता येत नाही, नुसतं करता येतं." चिआंग मायच्या बाईंचं इंग्रजी चाळीस शब्दांचं होतं. "कुट", "पुन्हा", "नाही", "आता बरोबर" एवढ्यावर त्यांनी आम्हा आठ जणांना तयार केलं. इथे तर भाषाही आपलीच आहे. शिकवता येत नाही असं नाही, आपल्याला त्यांच्याकडून ऐकून घेता येत नाही.

दुसरा, "यूट्यूबवर सगळं आहे." आहे की. शेवळांचे व्हिडिओही आहेत. पण यूट्यूब तुमच्या हातातलं कोंब फुललं आहे की कोवळं आहे हे सांगत नाही, आणि घसा धरल्यावर कोकमाचं पाणीही आणून देत नाही.

तिसरा, "रानभाज्यांचे महोत्सव होतात की." होतात. कृषी विभाग गेली काही वर्षं ऑगस्टमध्ये, जागतिक आदिवासी दिनाच्या आसपास, ठिकठिकाणी भरवतो. चांगला उपक्रम आहे, बायकांची विक्री होते. पण तिथे भाजी भेटते, बाई भेटत नाही. टेबलावर जुडी, जुडीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर शास्त्रीय नाव. फीत कापणाऱ्यांचं नाव मात्र फलकावर मोठ्या अक्षरात. खरेदी आणि शिक्षण या वेगळ्या गोष्टी आहेत.

चौथा, "अन्न शिकवायचे पैसे घेणं आपल्या संस्कृतीत बसत नाही." हा आक्षेप नेहमी पैसे देणाऱ्यांकडून येतो, घेणाऱ्यांकडून कधी आलेला ऐकला नाही. गवयाला बिदागी चालते, भटजींना दक्षिणा चालते, क्लासवाल्या सरांना तर वर्षाची फी आगाऊ चालते. संस्कृती नेमकी चुलीपाशी आल्यावरच का आठवते?

पाचवा आक्षेप मात्र खरा आहे, आणि त्याला फुंकर मारून उडवता येणार नाही. "याचाही तमाशा होईल." होईल. एखादा चलाख माणूस 'ट्रायबल किचन एक्सपिरिअन्स' असा फलक लावेल, माणशी दोन हजार घेईल, आणि बाईला तीनशे रोज देईल. तिला ठरवून लुगडं नेसवेल. पोपटीचं हेच झालंय. शेतावर राखणीला बसलेल्यांचं आणि शेजारपाजाऱ्यांचं थंडीतलं खाणं होतं, त्याचं पॅकेज झालं. डीजे लागला, आणि पाला खुडणाऱ्या पोराच्या वाट्याला मडक्यातलं उरलंसुरलं आलं. शिवाय रानभाजीची हौस शहराला लागली की रान ओरबाडलं जाईल, हेही आहेच.

पण या भीतीचं उत्तर 'शिकूच नका' हे नाही. कुणाच्या अटींवर शिकायचं, हा खरा प्रश्न आहे. आणि त्याचं उत्तर कायद्यात लिहून ठेवलेलं आहे. वनहक्क कायदा, २००६. या कायद्याने वनवासी समाजाला गौण वनउपजावर मालकी दिली हे अनेकांना माहीत असतं. पण त्याच कायद्याच्या कलम ३(१)(ट)मध्ये, म्हणजे इंग्रजी प्रतीतल्या 'के' पोटकलमात, जैवविविधतेशी निगडित पारंपरिक ज्ञानावरचा सामूहिक हक्कसुद्धा मान्य केला आहे. शेवळांची खाज काकडांनी मारायची, हे ज्ञान आहे. त्याला मालक आहेत. ते फुकट उचलायची वस्तू नाही, हे देशाच्या संसदेने मान्य केलंय. आपण फार्महाऊसच्या व्हरांड्यात ते मान्य करायचं बाकी आहे.

सरकारकडेही बोट दाखवायला हवंच. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० साली आलं. नेरळजवळच्या सगुणा बागेसारखी कृषी पर्यटनाची जुनी उदाहरणं याच तालुक्यात आहेत, तेव्हा इथे हे नवीन नाही. पण ते धोरण शेतजमीन असलेल्यांसाठी आहे. कातकरी समाज, जो केंद्राच्या यादीत विशेष असुरक्षित आदिवासी गट म्हणून नोंदलेला आहे, त्यातल्या बहुतेकांकडे जमीनच नाही. पावसाळा संपला की कुटुंबं वीटभट्टीवर, कोळसाभट्टीवर निघतात. ज्यांच्याकडे सगळ्यात जास्त ज्ञान, त्यांच्याकडे सात-बारा नाही, म्हणून ते या धोरणात कुठे बसतच नाहीत. पाकवर्गाला एकर लागत नाही, एक चूल आणि दोन पाटी भाजी लागते. धोरणकर्त्यांना एवढं कळायला हरकत नव्हती.

आता ज्यासाठी एवढं चिडून लिहिते आहे, ते. १९ जुलै २०२३च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ठाकरांची वाडी. सत्तावीस मृतदेह सापडले, सत्तावन्न माणसं सापडलीच नाहीत. चार दिवसांनी शोध थांबला. इर्शाळगडाची वाट या वाडीतूनच जायची. मुंबई-पुण्याच्या किती ट्रेकरांनी त्या घरांमधून भाकरी-पिठलं खाल्लं असेल, पाणी प्यायलं असेल. नंतर कित्येकांनी वाडीचे जुने फोटो टाकले. धुकं, कौलं, भाकरी. त्या फोटोंखाली मी शोधत होते की कुणी एकाने तरी लिहिलं असेल, 'ही भाकरी अमक्या मावशींनी केली होती, आणि त्या त्यात हे घालायच्या.' मला दिसलं नाही. वाचलेल्यांना चौकजवळ नवीन घरं मिळाली, ते झालं ते बरंच झालं. पण नव्या घराच्या दाराशी ते रान नाही. कुठल्या उतारावर कुठल्या आठवड्यात काय उगवतं, हे ज्यांना ठाऊक होतं त्यातली किती माणसं त्या रात्री गेली, ते कुठल्याच पंचनाम्यात येत नाही.

दरड एका रात्रीत जे करते, तेच प्लॉटिंग दहा वर्षांत करतं. मग आवाज होत नाही एवढंच. टेकडी सपाट झाली की शेवळं गेली. शेवळं गेली की ती ओळखणारी शेवटची बाई, आणि तिच्या नातीला मॉलमध्ये पॅकिंगची नोकरी. नातीने नोकरी करावी, जरूर करावी. पण आजीला जे येतं त्याला महिन्याच्या पॅकिंगइतकाही भाव नाही, हे तिला आपण शिकवलंय. दर शनिवारी, दोनशे रुपये हातावर ठेवून.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. परदेशात जे करता, तेच इथे करा. तेवढंच. जास्त काही नको.

म्हणजे काय, तर सहा जणांच्या वर जाऊ नका. बाईंच्या घरी जा, त्यांना फार्महाऊसवर बोलवू नका, कारण स्वतःच्या चुलीपाशी ती शिक्षिका असते आणि तुमच्या चुलीपाशी मोलकरीण. दिवस त्यांनी ठरवावा. भट्टीवर जायच्या दिवसांत 'आम्हाला सुट्टी आताच आहे' असं म्हणू नका. फी आधी ठरवा, आणि चिआंग मायला जी दिलीत त्यापेक्षा कमी नको. ती पूर्ण त्यांच्या हातात द्या, मधल्या कुणाच्याही नाही. रानात त्या जेवढं खुडायला सांगतील तेवढंच खुडा. भाजीची जागा फोटोसकट जगाला सांगू नका. वहीत पाककृती लिहाल तेव्हा वर त्यांचं नाव लिहा, आणि ते कुठे छापायचं असेल तर आधी त्यांना विचारा. मडकं फुटलं, भाकरी फाटली आणि त्या हसल्या, तर हसू द्या.

चौकच्या पुढच्या एका वाडीतल्या दोन बहिणी माझ्या ओळखीच्या आहेत. त्यांना मी हे सगळं विचारलं. धाकटी म्हणाली, "ह्यात काय शिकवायचं, ताई? हे तर सगळ्यांनाच येतं." थोरली थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "यांना येत असतं तर विचारायला कशाला आल्या असत्या? शिकवू आपण. पण ऐकलं नाही तर ओरडेन हां." फी तिनेच ठरवली, आणि माझ्या अंदाजापेक्षा दोनशे रुपये जास्त सांगितली. मला फार बरं वाटलं.

तर जूनच्या पहिल्या पावसानंतरचा जो आठवडा त्या सांगतील, त्या आठवड्यात शेवळं. सहा जागा आहेत. एक माझी, एक आईने आत्ताच मागून घेतली आहे, म्हणजे राहिल्या चार. ॲप्रन मिळणार नाही. ज्यांना यायचं त्यांच्याकडे आमचा घरचा नंबर आहेच. आणि ज्यांना यायचं नाही पण भांडायचं आहे, त्यांनी इथेच खाली भांडावं. मी वाचते सगळं.